‘नैतिक हक्क’ आणि ‘नैतिक अधिकार’ समानार्थी आहेत काय?

प्रश्न असा आला आहे : आधुनिक नीतिशास्त्रावरील मराठी लेखनात ‘नैतिक हक्क’ आणि ‘नैतिक अधिकार’ असे दोन्ही प्रयोग आढळतात, ते समानार्थी आहेत काय, आणि नसल्यास ‘राइट’साठी कोणता वापरावा?

समानार्थी नाहीत, आणि ‘राइट’साठी ‘हक्क’च वापरावा. ‘आपले हक्क आणि अधिकार’ ही जोडी भाषणांतून इतकी सर्रास ऐकू येते, की या दोन शब्दांत काही भेद असेल अशी शंकाही आता कोणाला येत नाही. त्यात हिंदीतून ‘मानवाधिकार’ आला. आपल्याकडे ‘मानवी हक्क’ चांगला रुळलेला आहे, राज्याच्या आयोगाच्या नावात तोच आहे, आणि संविधानाच्या मराठी प्रतीत तिसऱ्या भागाचे शीर्षकही ‘मूलभूत हक्क’ असेच आहे.

भेद क्रियापदांवरून कळतो. हक्क सांगतात, मागतात, बजावतात, डावलतात, सोडतात. अधिकार देतात, सोपवतात, वापरतात, काढून घेतात. अमेरिकन विधिज्ञ वेस्ली होफेल्ड यांनी १९१३ मध्ये कायद्याच्या भाषेतील ‘राइट’ या एकाच शब्दाखाली दडलेल्या वेगवेगळ्या कल्पना सोडवून दाखवल्या, त्यांतील दोन नेमक्या याच आहेत. एकीत माझ्या मागणीला उत्तर म्हणून दुसऱ्या कोणावर तरी कर्तव्य येते : उसने दिलेले पैसे परत मिळणे हा माझा हक्क. दुसरीत माझ्या कृतीने दुसऱ्याची कायदेशीर स्थिती बदलते : दाखला देणे हा तहसीलदाराचा अधिकार. या कसोटीवर २००५ च्या कायद्याचे ‘माहितीचा अधिकार’ हे नाव चुकीचे ठरते, कारण तीस दिवसांत माहिती देण्याचे कर्तव्य तिथे अधिकाऱ्यावर येते आणि नागरिकाकडे असतो तो हक्क.

‘अधिकार’ शब्दाचे मूळ पात्रतेत आहे. यज्ञ कोणी करावा याची चर्चा वैदिक कर्मकांडाचा अर्थ लावणाऱ्या जैमिनीच्या मीमांसासूत्रांच्या सहाव्या अध्यायात आहे आणि तिचा विषयच अधिकार हा आहे. बादरी या आचार्यांनी तिथे सर्वांना अधिकार असावा असे मत मांडले. ते तिथेच खोडून शूद्रांना वगळण्यात आले. ‘त्यांना यावर बोलण्याचा नैतिक अधिकार नाही’ असे आपण म्हणतो तेव्हा हाच पात्रतेचा अर्थ बोलत असतो, आणि ते वाक्य अगदी बरोबर आहे. मात्र जिथे माणूस असण्यापलीकडे कोणतीही पात्रता लागू नये असा आग्रह आहे, तिथे हा शब्द मुळातच आड येतो.

आता ‘हक्क’. अरबी ‘हक्क’ म्हणजे सत्य, आणि जे ज्याला देणे लागते तेही. ईश्वराच्या नावांपैकी एक ‘अल-हक्क’ आहे; ‘अनल-हक्क’, म्हणजे ‘मीच सत्य’, या उद्गाराशी ज्याचे नाव कायमचे जोडले गेले त्या सूफी संत मन्सूर अल-हल्लाजला ९२२ मध्ये बगदादला मृत्युदंड झाला. हिब्रूत याच धातूचा अर्थ कोरणे असा आहे आणि त्यापासून झालेला ‘होक’ म्हणजे यहुदी धर्माच्या नियमशास्त्रातील विधी. मराठीत या कुळातले ‘हकीकत’ आणि ‘नाहक’ आपण रोज वापरतो. जे खरे आहे आणि जे मला मिळायलाच हवे, त्या दोन्हींना एकाच शब्दात धरणारी ही भाषा आहे. ज्यांना हा शब्द परका वाटतो, त्यांनी त्याच्या तोडीचा देशी शब्द दाखवावा.

म्हणूनच अ‍ॅलस्डेअर मॅकिन्टायर या तत्त्वज्ञांचे एक विधान मला मुळीच मान्य नाही. १९८१ च्या ‘आफ्टर व्हर्च्यू’ या ग्रंथात त्यांनी मानवी हक्कांवरील विश्वासाची तुलना चेटकिणींवरील विश्वासाशी केली, आणि पुरावा म्हणून सांगितले, की सुमारे १४०० पूर्वी हिब्रू, ग्रीक, लॅटिन वा अरबी यांपैकी कोणत्याही भाषेत या कल्पनेला शब्दच नव्हता. अरबीचे नाव त्यांनी घ्यायला नको होते. इस्लामी विधिशास्त्राने ईश्वराचे हक्क आणि माणसांचे हक्क अशी विभागणी त्याच्या कितीतरी आधी केली होती. व्यभिचाराची शिक्षा ईश्वराच्या हक्कात मोडते म्हणून ती कोणालाच माफ करता येत नाही. खुनाच्या बदल्याची मागणी हा माणसाचा हक्क असल्यामुळे मृताचे वारस ती सोडू शकतात. हे हक्क धर्मविधीने दिलेले होते, केवळ माणूसपणामुळे मिळालेले नव्हते, असे मॅकिन्टायर यांच्या बाजूने म्हणता येईल. आपल्या जुन्या कागदांतले पाटील-कुलकर्ण्यांचे हक्कही जन्माने आलेल्या वतनाचेच होते. परंतु कोणाचा, कोणावर आणि कशाचा, हा हक्काचा तिपेडी आकार तिथे पूर्ण तयार होता. पुढे फुले आणि आंबेडकर यांनी ‘कोणाचा’ या जागी ‘प्रत्येक माणसाचा’ असे लिहिले.

मॅकिन्टायर यांचा रोख विशेषतः अ‍ॅलन गेवर्थ या अमेरिकन तत्त्वज्ञांवर होता. गेवर्थ यांनी १९७८ मध्ये केवळ विवेकाच्या बळावर हक्क सिद्ध करू पाहिले : कृती करणाऱ्या प्रत्येकाला स्वातंत्र्य आणि क्षेमकुशल लागतेच, म्हणून त्याला त्यांवर हक्क सांगावा लागतो, आणि ज्या कारणाने तो सांगतो ते कारण इतरांनाही लागू असल्याने त्याला त्यांचाही हक्क मानावा लागतो. गरजेपासून हक्कापर्यंतची उडी समाजमान्य नियमांशिवाय घेता येत नाही, हा मॅकिन्टायर यांचा आक्षेप मात्र भक्कम आहे, आणि तो त्यांच्या भाषाविषयक विधानावाचूनही उभा राहतो.

वारसांनी मागणी सोडण्याचा मुद्दा एच. एल. ए. हार्ट या ब्रिटिश विधितत्त्वज्ञांच्या सिद्धान्ताला फार जवळचा आहे. दुसऱ्याचे कर्तव्य बजावून घेणे किंवा माफ करणे ज्याच्या हातात असते तो हक्कदार, असे हार्ट मानतात. मराठीत यासाठी ‘हक्कसोडपत्र’ हा अस्सल शब्द आहे. वडिलांच्या पश्चात बहिणी दुय्यम निबंधकाच्या कचेरीत भावांच्या नावे त्यावर सही करतात आणि सातबाऱ्यावरून त्यांची नावे कमी होतात. ती सही कितीदा मनापासून असते, हे घरोघरी ठाऊक आहे. निव्वळ सोडता येण्यावर हक्काची व्याख्या उभारणे मला म्हणूनच अपुरे वाटते. स्कॉटिश विधितत्त्वज्ञ नील मॅकॉर्मिक यांनी १९७६ मध्ये हार्ट यांच्यासमोर लहान मुलाचे उदाहरण ठेवले. तान्हे मूल काहीच माफ करू शकत नाही, तरीही संगोपन हा त्याचा हक्क आहेच, कारण त्याचे हित दुसऱ्यावर कर्तव्य लादण्याइतके मोलाचे आहे. त्या मुलाला करार करण्याचा, मत देण्याचा किंवा सही करण्याचा कोणताही अधिकार नसतो. मराठी त्याच्या बाबतीत ‘बालहक्क’ म्हणते, ते याचसाठी.