पाळकीणबाईंचं नाव काय?

"मावशी, लग्नाला चौदा वर्षं झाली. नवरा चर्चचा पाळक. दर तीन-चार वर्षांनी बदली, नवं गाव, नवा बंगला, चहाची तीच किटली. संडेस्कूल, महिला मंडळ, आजाऱ्यांच्या भेटी, सगळं माझ्याकडे. लग्नाआधी मी शाळेत गणित शिकवायचे. 'आपली खरी ओळख ख्रिस्तात आहे' हे रविवारी पहिल्या बाकावर बसून ऐकते आणि सोमवारी आतून रिकामी असते. कुरकुर केली की 'आत्मत्याग करावा' हे वचन ऐकायला मिळतं. स्वतःचं काही असावं असं वाटणं हा गर्व आहे का? – एक पाळकीणबाई"

पाळकीणबाईंशी एकेरीत बोलायची आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, रीत नाही. पण तू मला मावशी म्हटलंस, तर मीही 'अगं'च म्हणते.

अगं, इथे छापलंय ते थोडक्यात. तुझं मूळ पत्र चार पानांचं. त्यात नवऱ्याचं नाव आहे, दोन्ही मुलांची आहेत, मंडळीच्या सेक्रेटरींचंसुद्धा आहे. तुझं कुठेच नाही.

बायबलातल्या उत्पत्तीचा सोळावा अध्याय काढ. हागार ही सारायची दासी, छळाला कंटाळून पळालेली. साराय आणि तिचा नवरा अब्राम यांच्या तोंडी हागारेचं नाव एकदाही येत नाही. बोलतात ते 'माझी दासी', 'तुझी दासी' असं. नावाने पहिली हाक मारतो तो परमेश्वराचा दूत, रानातल्या झऱ्यापाशी. आणि लगेच विचारतो, कुठून आलीस, कुठे चाललीस? मग ती दासी उलट देवालाच नाव देते, 'पाहणारा देव'. (नावं ठेवत नाही हं, नाव देते.) त्याच दूताने तिला परत त्याच घरी पाठवलं, हे मला आजही खटकतं. उपदेशात हे वाक्य सहसा गाळतात. तू गाळू नकोस.

आता गर्वाचं. पंडिता रमाबाईंनी 1883 साली इंग्लंडमध्ये, वाँटेजला बाप्तिस्मा घेतला. तिथल्या जोगिणींनी, म्हणजे नन्सनी, त्यांना जीव लावला होता, आसरा दिला होता. तरीही त्या म्हणतील ते सगळं रमाबाई मान्य करेनात. सिस्टर जेराल्डीनशी त्यांचा पत्रांतून वाद चाले आणि त्या सिस्टरना त्यात काय दिसलं? गर्वच. रमाबाईंचं म्हणणं एवढंच की मला माझी सदसद्विवेकबुद्धी आहे. ख्रिस्ताला त्यांनी सोडलं नाही आणि बुद्धीही गहाण टाकली नाही. पुढे केडगावला हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळं पवित्र शास्त्र मराठीत आणलं. त्याचे खिळे जुळवले आणि ते छापलं त्यांच्याच मुक्ती मिशनमधल्या बायकांनी, ज्यांना घरादाराने टाकलं होतं त्यांनी. त्या सिस्टरचं ऐकून रमाबाई गप्प बसल्या असत्या तर?

आणि ते आत्मत्यागाचं वचन. येशूने ते सांगितलं तेव्हा समोर शिष्य होते, जे थोड्याच दिवसांत 'आपल्यात मोठा कोण' म्हणून वाटेत भांडले. त्यांच्याकडे सोडण्यासारखं पुष्कळ होतं. तुझ्या ओंजळीत आधी काही असू दे, मग त्यातलं काय सोडायचं ते तू ठरव. बायकोला गप्प करायला वचन वापरणं मला तरी मान्य नाही, मग ते पाळकसाहेबांनी का वापरलेलं असेना.

त्यांच्याशी बोल, पण कौटुंबिक प्रार्थनेत नको. तिथे तुझं दुःख लगेच 'प्रार्थनेचा विषय' होऊन बसेल. संध्याकाळी दोघंच फिरायला जा आणि सांग, की पुढच्या महिन्यापासून तीनातलं एक काम मी सोडणार. माझं ऐकशील तर महिला मंडळ सोड. चार दिवस कुजबुज होईल, मग कुणीतरी पुढे येईल. त्या रिकाम्या संध्याकाळी दहावीच्या मुलांना गणित शिकव, फी घेऊन. हो, फी घेऊन! 'सेवा म्हणून' शिकवायला लागलीस की ते पुन्हा पाळकीणबाईंचं काम झालं. पैसे स्वतःच्या खात्यात ठेव. बंगला मंडळीचा आहे, हे तुला मी सांगायला नको.

दोन महिने झोप नाही असंही लिहिलंयस. डॉक्टरांकडे जा. प्रार्थनेचं आणि गोळीचं काही वैर नाही.

मग मला लिही, पहिल्या दिवशी किती मुलं आली ते. पत्राखाली नाव घाल. छापणार नाही, पण उत्तराच्या पाकिटावर मी काय लिहू?