आईनं कन्सोल नाही, बोलिंग घेतलं होतं

प्रश्न : माझा भाऊ दिवाळीला न्यू जर्सीहून येताना त्यांच्याकडची जुनी निन्टेन्डो वी (टीव्हीला जोडून खेळायचं व्हिडिओ गेमचं मशीन, म्हणजे कन्सोल) आणतोय. आमचा अकरावीतला मुलगा आत्तापासूनच नाक मुरडतो. म्हणतो, 'ते काही खरं कन्सोल नाही, आजी-आजोबांचं खेळणं आहे. कधी न खेळणाऱ्यांच्या मागे लागली म्हणूनच कंपनी आपटली.' यात तथ्य किती?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : चिरंजीवांचं अर्धं बरोबर आहे. कंपनी आपटली खरी, पण कारण दुसरं होतं.

२००७ साली मी न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये एका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात शनिवार-रविवार काउंटरवर असायचो. वीचा माल यायचा त्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच बाहेर रांग. त्यात पोरं कमी, आईबाप जास्त. 'ते बोलिंग आहे का?' असं विचारायचे. कन्सोलचं नावही ठाऊक नसायचं. अमेरिकेत वीच्या खोक्यातच 'वी स्पोर्ट्स' हा गेम यायचा, त्यातच ते बोलिंग. किंमत अडीचशे डॉलर. शेजारच्या फळीवर सोनीचं कन्सोल प्लेस्टेशन ३ सहाशेला. वीचं चित्र एचडी नव्हतं, पण त्या रांगेत कुणालाच त्याचं काही नव्हतं. हात फिरवला की चेंडू जातो, बस.

माझी आई त्याच वर्षी सहा महिन्यांसाठी आली होती. पदर खोचून, रिमोटची दोरी मनगटात अडकवून रोज संध्याकाळी बोलिंग खेळायची. (त्या दोऱ्या सुरुवातीला तुटायच्या, रिमोट उडायचे. कंपनीनं डिसेंबर २००६ मध्ये जाड दोऱ्या बदलून दिल्या.)

आता आकडे. निन्टेन्डोचं आधीचं कन्सोल गेमक्यूब २ कोटी १७ लाख खपलं, वी १० कोटी १६ लाख. नवखे लोक मशीन घेतात आणि गेम घेत नाहीत, असं तेव्हा दुकानात आम्हीही म्हणायचो. चूक होती. वीचे गेम ९२ कोटींवर गेले. म्हणजे मशीनमागे नऊ. गेमक्यूबचे साधारण साडेनऊ. वीच्या नवात खोक्यातला आयता आलेलाही धरलाय, तरी हात आखडला होता असं कुणी म्हणू नये. शिवाय वीच्या मशीनवरच निन्टेन्डोला नफा होता. सोनी तेव्हा प्लेस्टेशन ३ तोट्यात विकून गेमवर पैसे काढायच्या हिशेबात होती.

घोळ झाला पुढच्या मशीनला. २०१२ मध्ये वी यू आलं आणि १ कोटी ३५ लाखांवर थांबलं. जो गेमर असतो तो नवं कन्सोल आलं की जुनं अडगळीत टाकतो, ती त्याची सवय. माझ्या आईनं कन्सोल घेतलंच नव्हतं, बोलिंग घेतलं होतं. आणि बोलिंग तर अजून चालत होतं! नावही असं ठेवलेलं, की अनेकांना वी यू म्हणजे जुन्या वीला जोडायची टॅबलेटसारखी नवी पाटी वाटली. तोवर हातात स्मार्टफोन आले होते. वेळ घालवायचे खेळ तिथे फुकट. मायक्रोसॉफ्ट आणि सोनी यांनीही २०१० मध्ये अंगाच्या-हाताच्या हालचालीवर खेळायची कायनेक्ट आणि मूव्ह ही साधनं काढून याच गिऱ्हाइकाकडे धाव घेतली, हे मुलाला जरूर सांगा. आजी-आजोबांचं खेळणं त्यांनाही हवं होतं. निन्टेन्डोचे अध्यक्ष सातोरू इवाता यांनी २०१४ मध्ये स्वतःचा पगार निम्मा केला, पण नव्या लोकांचा नाद सोडला नाही. त्यांचं २०१७ चं कन्सोल स्विच हातातही धरता येतं, टीव्हीलाही लावता येतं. ते दोघांनीही घेतलं, जुन्या खेळाडूंनी आणि नव्यांनीही.

तेव्हा वी येऊ द्या. फक्त भावाला एक सांगा : अमेरिकेतला अ‍ॅडाप्टर १२० व्होल्टचा असतो. आपल्याकडे थेट प्लगला लावलात तर धूर निघेल. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर घ्या. आणि डिस्क तिकडच्याच आणायला सांगा. दुसऱ्या देशातल्या ते मशीन घेत नाही.