पाना येतो, मायक्रोमीटर येतो का?

प्रश्न: मुलगा बारावी विज्ञानला आहे. मामाची जुनी यामाहा आरएक्स १०० त्याने घरीच उघडली, सिलिंडर बोअर करून (आतून मशीनवर थोडा रुंद करून) आणला, नवा पिस्टन टाकून इंजिन बांधलं. दीडशे किलोमीटरवर पिस्टन जाम झाला. उघडल्यावर पिस्टनवर चार ठिकाणी उभे ओरखडे दिसले. तरी 'जुन्या जपानी गाड्यांची इंजिनंच करणार' हा हट्ट कायम आहे. त्याचे बाबा डिग्रीवर अडून बसलेत. यात पोट भरतं का? कोणता कोर्स घ्यावा? – एक आई, मिरज

ताई, नमस्कार. तुमच्या पत्रात सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे ते चार ओरखडे. टू-स्ट्रोक पिस्टन एका बाजूला, सायलेन्सरच्या पोर्टकडे घासला असेल तर आधी ऑइल कमी पडलं किंवा मिश्रण पातळ झालं (हवा जास्त, पेट्रोल कमी) असा संशय घेतात. चारही कोपऱ्यांना घासला असेल तर बहुधा बोअर आणि पिस्टन यांच्यात जागा कमी ठेवलेली असते, किंवा थंड इंजिन लगेच ताणलेलं असतं.

जागा कमी का राहते? सिलिंडर एकटाच बोअरिंगला जातो आणि पिस्टन नंतर दुकानातून येतो, म्हणून. डब्यावर 'ओव्हरसाईज ०.५०' लिहिलं म्हणजे मूळ ५० मिमी बोअरच्या या गाडीचा पिस्टन नेमका ५०.५० मिमी असतो असं नाही. आधी पिस्टन घ्यायचा, पिनच्या काटकोनात, स्कर्टच्या (पिस्टनच्या खालच्या भागाच्या) खालच्या कडेच्या थोडं वर मायक्रोमीटरने मोजायचा, आणि तोच पिस्टन सिलिंडरसोबत बोअरिंगवाल्याकडे द्यायचा. काम झालं की बोअर गेजने वर, मध्ये, खाली आणि दोन दिशांनी, अशी सहा मापं घ्यायची. सगळ्यात लहान मापातून पिस्टनचं माप वजा केलं की खरी जागा कळते. मॅन्युअल ती मिलिमीटरच्या काही शतांशांत सांगतं, बोअरिंगवाला थाऊत बोलतो. एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, ०.०२५४ मिमी. या दोन भाषांच्या घोटाळ्यातही इंजिनं जाम होतात. शिवाय नकली पिस्टनची धातू गरम झाल्यावर जास्त फुगू शकते, मग मॅन्युअलचा आकडाही पुरत नाही.

मुलाला आणखी दोन गोष्टी विचारा. होनिंगनंतर (बोअर आतून दगडाने घासून घेतल्यावर) पोर्टच्या धारदार कडा मारून घेतल्या होत्या का? नसतील तर रिंग तिथे अडकते. आणि क्रँकचे (पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्याचे) दोन्ही ऑइल सील बदलले का? मॅग्नेटच्या बाजूचा सील गेला की क्रँककेस हवा ओढते, मिश्रण पातळ होतं, आयडलिंग आपोआप चढतं आणि पिस्टन तापतो. क्लचच्या बाजूचा गेला की गिअर ऑइल जळतं, पांढरा धूर येतो आणि गिअरबॉक्समधली पातळी उतरते. बाहेरून काहीच दिसत नाही, म्हणून इंजिन बांधल्यावर इनटेक आणि एक्झॉस्ट बंद करून सुमारे ६ पीएसआय हवा भरतात आणि सहा मिनिटं काटा पाहतात. काटा उतरला तर साबणाचं पाणी लावून गळती शोधायची. हे न करता किक मारणं म्हणजे नशिबावर हवाला.

आता करिअरचं. या कामात नटबोल्ट उघडणं सोपं आहे (जपानी स्क्रूला जेआयएस (जपानी मानकाचा) बिट आणि इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरला, आणि केसिंगच्या सांध्यात स्क्रूड्रायव्हर घालून उचकटलं नाही, तर). खरं कसब मोजण्यात आणि मशीनवर आहे. दाबून जोडलेला क्रँक प्रेसवर उघडून नवा कनेक्टिंग रॉड बसवायचा, मग व्ही-ब्लॉकवर फिरवून डायल गेजने रनआऊट (फिरतानाचा डुगडुगीतपणा) ०.०३ मिमीच्या आत आणायचा, हे जमणारे थोडे. मिरजेच्या सतारीला कान लागतो, इथे कानावर भागत नाही.

म्हणून माझा सल्ला थोडा उलटा वाटेल. आयटीआय घ्यायचंच ठरलं तर टू-थ्री व्हीलर मेकॅनिकचा एक वर्षाचा ट्रेड नको. टर्नर किंवा मशिनिस्ट घ्या. दोन्ही दोन वर्षांचे आहेत. गाडीचं ज्ञान त्याला गाडीजवळ मिळतंय, लेथ घरी मिळणार नाही. आणि बाबांसाठी: बारावी विज्ञानानंतर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला मेकॅनिकल डिप्लोमा घेता येतो, तिथून डिग्रीच्याही दुसऱ्या वर्षाला. आयटीआयनंतरही डिप्लोमाचं हे दार उघडं असतं. हात चांगला असेल तर मी आधी आयटीआय म्हणेन. गणितात रमत असेल तर थेट डिप्लोमा.

पोट भरतं का? निव्वळ जुन्या यामाहावर, सुरुवातीची पाच-सहा वर्षं तरी, धरून चालू नका. आरएक्स १०० चं उत्पादन १९९६ मध्ये थांबलं. १९८३ साली भारतात आलेली राजदूत ३५०, म्हणजे यामाहाचीच आरडी ३५०, तर त्याहून दुर्मीळ, आणि तिचे मिळून ३४७ सीसीचे दोन सिलिंडर, मधल्या सीलसह चार बेअरिंगांचा क्रँक हे नवशिक्याचं काम नाही. गाड्या वाढणार नाहीत, अस्सल पार्ट कमीच होणार, एकेक इंजिन पार्टसाठी महिनोन्महिने अडतं आणि गिऱ्हाईक तेवढ्या काळाचे पैसे देत नाही. पण बोअरिंग, होनिंग आणि क्रँकचं काम येणाऱ्याला ट्रॅक्टर, पंप आणि रोजच्या हिरो होंडांची कामं बाराही महिने असतात. कुपवाड एमआयडीसी आणि कोल्हापूरचं उद्यमनगर तुमच्यापासून लांब नाही, दोन्हीकडे उमेदवारी शोधा. नोकरी तिथे, जुनी इंजिनं रविवारी.

हत्यारांवर उडवायला बाबांकडून पैसे मागेल तेव्हा यादी अशी द्या: २५ ते ५० आणि ५० ते ७५ मिमीचे दोन मायक्रोमीटर (५० मिमी बोअरची ही गाडी, ओव्हरसाईज झाली की पहिला पुरत नाही), ३५ ते ६० मिमीचा बोअर गेज, स्टँडसह डायल गेज, फीलर गेज. पॉलिश आणि स्टिकर नंतर.

कागदांकडेही पाहा. २०२१ च्या नियमांतली 'व्हीए' मालिकेची व्हिंटेज नोंदणी पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातल्या गाड्यांना मिळते. मामाची गाडी त्यात बसत नाही. पंधरा वर्षांनंतर तिचं आरसी दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. भविष्यात कोणी इंजिन दुरुस्तीला आणलं तर केसिंगवरचा नंबर आरसीशी जुळवूनच हात लावायचा. घासलेल्या नंबराचं इंजिन दारातूनच परत.

परीक्षा संपेपर्यंत गाडी बंद राहू दे. मग तोच सिलिंडर आणि पिस्टन मोजून मापं वहीत लिहायला सांगा, आणि ती वही बाबांना दाखवायला सांगा.