बाल न्याय: रोपवाटिकेतले काम आणि त्याचा खर्च

प्रश्न: आमची संस्था वृक्षलागवड करते. जिल्ह्याच्या निरीक्षणगृहातल्या (गुन्ह्याचा आरोप असलेली मुले चौकशी होईपर्यंत जिथे राहतात) 14 वर्षांवरील 12 मुलांना आठवड्यातून तीन दिवस रोपवाटिकेत काम द्यायचा विचार आहे. मिशन वात्सल्यमधून, म्हणजे बालसंरक्षणाच्या केंद्र पुरस्कृत योजनेतून, पैसे मिळतील का?

उत्तर: आधी हे काम कोणत्या नात्याने होणार ते ठरवा, कारण पैशाचे शीर्ष, म्हणजे खर्च कोणत्या निधीतून करायचा, ते त्यावरच ठरते. बाल न्याय अधिनियम 2015 च्या कलम 18 प्रमाणे बाल न्याय मंडळ (अशा मुलांची प्रकरणे चालवणारे मंडळ) सामुदायिक सेवेचा, म्हणजे समाजोपयोगी कामाचा, आदेश देऊ शकते, पण चौकशी पूर्ण होऊन बालकाने गुन्ह्याचे कृत्य केले असे ठरल्यावरच. 2016 च्या आदर्श नियमांत या सेवेच्या यादीत उद्यानांची निगा आहे आणि वयाची अट 14 वर्षांवर आहे. निरीक्षणगृहातल्या बहुतेक मुलांची चौकशी मात्र चालू असते. त्यांच्यासाठी हे काम प्रशिक्षणच असले पाहिजे, तेही मुलाच्या राजीखुशीने. प्रस्तावात 'सेवा' लिहाल तर मंडळ तो परत पाठवेल, आणि ते योग्यच होईल.

मिशन वात्सल्यचा खर्च महाराष्ट्रात केंद्र 60 आणि राज्य 40 टक्के उचलते. संस्थेतल्या मुलामागे दरमहा 3,000 रुपये हे त्याच्या पालनपोषणाचे आहेत; कुदळ-फावडी, गाडीभाडे, प्रशिक्षकाचे मानधन त्यात बसवू नका. त्यासाठी जिल्हा वार्षिक योजनेतला महिला व बाल विकासाचा निधी पाहा. प्रस्ताव जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांमार्फत जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. सोबत निरीक्षणगृहाच्या अधीक्षकांची संमती आणि मंडळाची परवानगी जोडा. कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधीही चालतो, पण एकाच वस्तूचे बिल दोन्हीकडे लावले की लेखापरीक्षणात आक्षेप हमखास.

अंदाजपत्रकात 6 कुदळी, 6 फावडी, 12 घमेली, 2 पहारी, प्रत्येकाला गमबूट आणि हातमोज्यांचे दोन जोड धरा. रोज माणशी 3 लिटर पाणी, प्रथमोपचार पेटी, धनुर्वाताची लस हेही लिहा. गाडी आणि सोबतचे कर्मचारी यांचा खर्च सगळ्यात जास्त असतो आणि नेमका तोच राहून जातो. मग अवजारे कोठीत पडून आणि मुले आवारातच, असे होते.

दुसरी अडचण वेळेची. निधी बऱ्याचदा फेब्रुवारी-मार्चमध्ये हातात पडतो, लागवड मात्र जून-जुलैत. 31 मार्चपूर्वी पैसे संपवायला उन्हाळ्यात रोपे लावली तर ती मरतात; मुलांची मेहनत डोळ्यांसमोर वाळून जाते. म्हणून कामाचे टप्पे पाडा: मार्चमध्ये माती, वाळू, शेणखत 2:1:1 प्रमाणात मिसळून पिशव्या भरणे आणि रात्रभर भिजवलेले चिंचोके पेरणे, मेमध्ये 45 सेंमी लांब-रुंद-खोल खड्डे, पावसात लागवड. मुरमाड जमिनीत पहारीचे काम मोठ्यांनी करावे. फवारणी आणि गवत कापायचे यंत्र मुलांच्या हाती देऊच नका.

वेळेसाठी बाल कामगार कायद्यातली किशोरांची (14 ते 18 वर्षे) मर्यादा पाळा: सलग 3 तासांहून जास्त काम नाही, मग किमान तासभर विश्रांती, आणि ती धरून दिवसाला 6 तास. उन्हाळ्यात सकाळचे अडीच तास पुरेत.

प्रश्न: देणगीदारांना फोटो पाठवावे लागतात. चेहरे झाकले तर चालेल?

उत्तर: फक्त हात आणि रोपे दिसू द्या. बाल न्याय अधिनियमाच्या कलम 74 प्रमाणे मुलाची ओळख उघड होईल असे काहीही प्रसिद्ध करता येत नाही. शिक्षा 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 2 लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. चेहरा धूसर केला तरी गणवेश, पाटी किंवा गाव यांवरून मूल ओळखू येते. हजेरीपटाची प्रत देणगीदाराला देऊ नका, मुलांची संख्या कळवा.

प्रश्न: मुलांना रोजगार हमीवर घेता येईल?

उत्तर: नाही, ती प्रौढांसाठी आहे. 18 वर्षे पूर्ण करून संस्थेतून बाहेर पडणाऱ्या मुलासाठी बाल न्याय अधिनियमाच्या कलम 46 प्रमाणे अनुरक्षण साहाय्य, म्हणजे स्वतःच्या पायावर उभे राहण्यासाठी पैशाची मदत, आहे. मिशन वात्सल्यमध्ये ते दरमहा 4,000 रुपये आहे. त्याचे आधार आणि बँक खाते आधीच तयार ठेवा. कागदांअभावी हे साहाय्य महिनोन् महिने अडते.