शाळेच्या गणवेशाच्या बारीकसारीक सवयींवरून माणसाचा स्वभाव आणि पुढचं आयुष्य कळतं का?

तुम्ही विचारलंय की, कुणाचा शर्ट सदा बाहेर आलेला, कुणाच्या रिबिनी दिवसभर जशाच्या तशा, कुणाच्या खिशावर शाईचा डाग, यावरून ते मूल पुढे कसं निघेल हे सांगता येतं का. माझ्या अनुभवाने सांगते. गणवेशावर आधी दिसतं ते घर. मूल त्याच्या मागे असतं आणि ते दिसायला वेळ द्यावा लागतो.

मी शिवणारी बाई आहे. नारायण पेठेत आमचं छोटं दुकान आहे. १९६१ च्या पानशेतच्या पुरात सासऱ्यांचं मशीन गेलं, त्यानंतर त्यांनी उधारीवर दुसरं आणून पुन्हा सुरुवात केली. मी १९८९ साली लग्न होऊन आले आणि त्याच जूनमध्ये मशीनवर बसले. लक्ष्मी रोडला तयार गणवेश मिळायला लागल्यापासून नवं शिवणं कमी झालं, दुरुस्ती मात्र वाढली. दुरुस्तीला आलेला कपडा खूप काही सांगतो.

माप घेताना आई हमखास म्हणते, "काकू, वाढत्या अंगाचं शिवा." शिवणीत आत जे जास्तीचं कापड राखून ठेवतात, त्याला आमच्यात माया म्हणतात. बाजूला इंचभर, खालच्या दुमडीत दोन-तीन इंच. मूल उंच झालं की दुमड उसवून खाली सोडायची. पण वरचं कापड धुऊन धुऊन विटलेलं असतं आणि आतलं नवं कोरं, त्यामुळे जुन्या दुमडीची रेघ राहतेच. निळ्या पिनाफोरवर तर ती लांबून दिसते. दोन रेघा असल्या की समजायचं, तिसरं वर्ष चाललंय, नाहीतर थोरल्या बहिणीचा आहे.

आता शर्ट बाहेर येण्याचं बघा. ज्या पोराला गबाळा म्हणून वर्गात उभं करतात, त्याचा शर्ट माझ्याकडे आला की मी आधी उंची मोजते. कितीदा तरी तो आखूड झालेला असतो. हात वर केला की खोचलेला शर्ट निघणारच, त्यात त्या पोराची काय चूक? मोजे घसरतात कारण इलॅस्टिक गेलेलं असतं. पावसात गणवेश दमट राहतो कारण एकच जोड आहे आणि तो रात्री धुऊन सकाळी घालायचा असतो. हे सगळं बेशिस्त म्हणून खपतं, याचं मला आजही फार वाईट वाटतं.

उलट बाजूही सांगते. एका मुलीच्या पिनाफोरच्या चुण्या कायम सुरीसारख्या असायच्या. बाकीच्या आयांना मी तिचं उदाहरण द्यायचे. ती मोठी होऊन एकदा ब्लाऊज शिवायला आली, तेव्हा तिने सांगितलं की चुणी मोडली तर घरी मार बसायचा, म्हणून ती पिनाफोर गादीखाली घालून रात्रभर त्यावर सरळ झोपायची. अंगावर चुरगळलेला कुर्ता होता. म्हणाली, "आता मी इस्त्रीला हात लावत नाही, काकू." तिला मोकळं हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. त्यानंतर मी कुणाच्या मुलाचं उदाहरण कुणाला दिलं नाही.

माझी लेक मानसशास्त्र शिकते, तिला तुमचा प्रश्न वाचून दाखवला. तिने स्कॉटलंडमधला एक अभ्यास सांगितला. १९५० साली १४ वर्षांच्या १,२०८ मुलांचे स्वभाव शिक्षकांनी नोंदवले होते: चिकाटी, आत्मविश्वास, काटेकोरपणा असे सहा गुण. २०१२ मध्ये त्यांच्यातल्या १७४ जणांचे तेच गुण पुन्हा तपासले, तेव्हा ती माणसं ७७ वर्षांची होती. तेव्हाच्या आणि आताच्या नोंदींत जवळपास काहीच मेळ बसला नाही. दुसरा अभ्यास न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन गावचा, १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या हजारभर मुलांचा. तिथे लहानपणी स्वतःवर ताबा ठेवता येणाऱ्यांची तब्येत आणि पैशाची घडी ३२ व्या वर्षी बरी होती. म्हणजे लहानपणातलं काहीतरी पुढे जातं. पण तिथे पालक, शिक्षक, निरीक्षक, सगळ्यांना बरीच वर्षं विचारून ते ठरवलं होतं. एका सुटलेल्या नाडीवरून नाही.

मग मी स्वतः काय बघते? कुणी न सांगता मूल आपल्या कपड्याचं काय करतं, ते. नव्वदीतली गोष्ट. सहावीतला एक मुलगा एकटाच दुकानात आला. भावाची हाफ पँट, तिच्यावर दोन रेघा. कंपासपेटी उघडली आणि त्यातून तुटलेलं बटण काढून माझ्यासमोर ठेवलं. म्हणाला, "लावून नको, कसं लावतात ते दाखवा." मी दाखवलं. दुहेरी दोरा, बटणाखाली आगकाडी, चारही भोकांतून टाके, मग काडी ओढून घ्यायची आणि सैल झालेल्या दोऱ्याला खालून तीन वेढे द्यायचे, म्हणजे बटणाला मान येते आणि ते काजात ओढलं जात नाही. दोनदा उसवून तिसऱ्यांदा त्याला जमलं. त्याचा शर्ट मात्र त्या दिवशीही बाहेरच होता, आणि वर्गात त्याला कुणी नीटनेटका म्हटलं असेल असं मला वाटत नाही.

तो गेल्या जूनमध्ये तिसरीतल्या लेकीला घेऊन आला. धायरीला त्याचं दुचाकीचं गॅरेज आहे. बोटांना ग्रीस, शर्ट अर्धा बाहेर. वरून दुसरं बटण वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने लावलेलं होतं आणि त्याला व्यवस्थित मान होती. माझी नजर तिथे गेलेली त्याने पाहिली आणि लाजला.

लेकीचं माप घेताना म्हणाला, "काकू, हिला माया ठेवू नका. बरोब्बर मापाचं शिवा, दरवर्षी नवीन घेऊ."

"बरं," म्हटलं. रेघ दिसणार नाही अशी, आतून बाजूला तेवढी पाऊण इंच ठेवली मी. पोर जूनला असते तेवढी दिवाळीला राहत नाही.