शेफ इम्तियाज कुरेशी कोण होते? त्यांच्या घरात आता कोणी या क्षेत्रात आहे का?

तुम्ही ज्यांच्याबद्दल विचारलंय ते दिल्लीतल्या 'दम पुख्त' रेस्टॉरंटचे कुरेशीसाहेब. १६ फेब्रुवारी २०२४ ला ते गेले, वयाच्या ९३ व्या वर्षी. मी केटरिंगमध्ये आहे. आमच्या धंद्यात त्यांचं नाव फार आदराने घेतलं जातं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जन्म १९३१ चा, लखनऊचा. घराणंच बावर्च्यांचं, त्यामुळे पोरवयातच भट्टीपाशी उभे राहिले आणि घरातल्या वडीलधाऱ्यांच्या हाताखाली तयार झाले. पुढे लखनऊतल्याच एका केटररकडे होते. तेव्हाचा एक किस्सा नेहमी सांगतात. उत्तर प्रदेशचे मुख्यमंत्री चंद्रभानू गुप्ता यांनी पंडित नेहरूंना जेवायला बोलावलं होतं आणि बेत शाकाहारीच हवा होता. कुरेशींनी फणस आणि कमळकाकडी वापरून असे पदार्थ मांडले की बघणाऱ्याला ते सामिषच वाटावेत. मला त्यांची खरी ताकद इथे दिसते. मटण चांगलं असेल तर निम्मं काम तेच करतं, फणसाला मात्र सगळं आपल्याला द्यावं लागतं.

१९७० च्या दशकात ते आयटीसी कंपनीच्या हॉटेलांत आले. दिल्लीच्या मौर्य हॉटेलातल्या 'बुखारा' रेस्टॉरंटशी त्यांचं नाव जोडलं जातं, पण तिथल्या तंदूरची घडी मदनलाल जयस्वाल यांनी बसवली, हेही सांगायलाच हवं. कुरेशींचं खरं घर म्हणजे 'दम पुख्त'. अवधच्या नवाबी स्वयंपाकघरातली दमाची पद्धत त्यांनी पंचतारांकित टेबलावर आणली. हंडीच्या तोंडाला कणकेचा पट्टा लावून झाकण बंद करायचं, खाली मंद आच, झाकणावर निखारे. आतली वाफ बाहेर जाता कामा नये. मधे झाकण उघडून चाखायची सोय नाही, त्यामुळे मीठ, पाणी, मसाला सगळं आधीच नेमकं पडावं लागतं. दम लावणाऱ्याची परीक्षा तिथेच होते. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. हॉटेलच्या भटारखान्यात आयुष्य काढलेल्या माणसाला हा मान मिळाला, याचा आम्हा सगळ्यांना फार आनंद झाला होता.

आता घरच्यांबद्दल. मुलगे इश्तियाक आणि अशफाक दोघेही नावाजलेले शेफ. इश्तियाक यांनी मुंबईत काम केलंय, त्यामुळे आपल्याकडच्या खवय्यांना ते जास्त ओळखीचे. जावई गुलाम कुरेशी यांनी 'दम पुख्त'चं किचन सांभाळलं. त्याशिवाय घरात न जन्मलेले पण त्यांच्या हाताखाली शिकलेले कितीतरी शेफ आज देशभर आहेत, आणि माझ्या मते तेही त्यांच्या कुटुंबातच धरायला हवेत.

दिल्लीला जाणं झालं तर 'दम पुख्त'मध्ये काकोरी कबाब मागवा. खिशाला जड जाईल, पण एकदा खाच. पहिला घास चटणी न लावता घ्या. खिमा इतका बारीक असतो की चावावा लागत नाही.