वाचकांचे प्रश्न : दोनदा गॅस भरला, तरी डॅशबोर्डचा एसी गार नाही

प्रश्न (बोरिवली) : सतरा आसनी मिनीबसवर आम्ही मोटारहोम (फिरतं घर) बांधून घेतलं आहे. डॅशबोर्डचा एसी सकाळी बरा चालतो, पण दुपारी घोडबंदर रोडवर गाडी रखडली की नुसता वारा येतो. दोनदा गॅस भरला. पंधरा-वीस दिवस बरं वाटतं, मग पहिले पाढे पंचावन्न. आता गॅरेजवाले कॉम्प्रेसर बदला म्हणतात. बदलावा का?

उत्तर : इतक्यात नको. तुमच्या वर्णनावरून दोन दुखणी एकत्र दिसतात. पंधरा-वीस दिवसांत फरक ओसरतो, म्हणजे कुठेतरी लीकेज आहे. एसीचा गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. तो बंद नळ्यांतून फिरत असतो, कमी झाला तर गळालाच. आणि गाडी उभी राहिली की गारवा जातो, म्हणजे कंडेन्सरला (रेडिएटरसमोरची जाळी, जिच्यात गॅसची उष्णता बाहेर टाकली जाते) वारा मिळत नाही. या दोन्हींवर कॉम्प्रेसर, म्हणजे गॅस दाबून फिरवणारा पंप, बदलणं हा उपाय नाही.

आधी मोजा. लांब सुईचा साधा डिजिटल थर्मामीटर लॅमिंग्टन रोडला सहज मिळतो. गाडी सावलीत उभी करा, दारं-काचा बंद, हवा आतल्या आत फिरणाऱ्या खुणेवर, ब्लोअर (आतला पंखा) पूर्ण, इंजिन साधारण १५०० आरपीएमवर. दहा मिनिटांनी डॅशबोर्डच्या मधल्या जाळीत सुई घाला. बाहेर ३३ अंश असताना ८ ते १२ अंश आले तर एसी ठणठणीत आहे. पावसाळ्यात दोन-तीन अंश जास्त धरा, कारण मुंबईच्या दमट हवेत एसीची बरीच ताकद हवेतलं पाणी काढण्यातच जाते. १६-१७ च्या वर आकडा राहिला तर मात्र दोष शोधायला हवा.

वारा कमी आहे की वारा भरपूर पण कोमट आहे, हे नीट ओळखा. वारा कमी असेल तर केबिन फिल्टर, धुळीने भरलेली कूलिंग कॉईल (हवा गार करणारी डॅशबोर्डमागची जाळी) आणि ब्लोअर एवढंच बघायचं. तुमच्याकडे वारा येतो आहे, तेव्हा पुढे जाऊ.

गाडीत हीटर असेल तर त्याची एक चाचणी फुकटात होते, आणि ती बहुतेक कोणी करत नाही. इंजिनाकडून डॅशबोर्डमागे दोन रबरी होज जातात, त्यांतून गरम कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) फिरतं. हीटरचा वाल्व्ह किंवा आतला फ्लॅप पूर्ण बंद होत नसेल तर कॉईलने गार केलेली हवा पुढे जाऊन पुन्हा तापते. इंजिन थंड असताना आत जाणाऱ्या होजला होज दाबण्याचा क्लॅम्प लावा (पक्कड नको, रबर फाटतं), मग गाडी चालू करून पुन्हा तापमान मोजा. तीन-चार अंशांचा फरक पडला तर चोर सापडला.

आता कंडेन्सर. एसी लावला की त्याचा पंखा फिरायला लागतो का, ते आधी बघा. गाडीच्या पुढच्या जाळीसमोर वर्तमानपत्राचं एक पान धरा. वाऱ्याने ते चिकटून राहायला हवं. गळून पडलं तर पंखा मंद आहे, उलटा जोडला आहे किंवा वाट तुंबली आहे. मग एसी चालू ठेवूनच कंडेन्सरवर झारीने पाणी शिंपडा. डॅशबोर्डच्या जाळीतलं तापमान झपाट्याने उतरलं तर दोष कंडेन्सरच्या वाऱ्यात आहे, हे नक्की. मेट्रोच्या कामांची धूळ कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या फटीत जाऊन बसते, समोरून काही दिसत नाही. बागेच्या पाइपाने, बेताच्या धारेने, इंजिनाच्या बाजूकडून बाहेर असं धुवा. सर्व्हिस सेंटरच्या जोरदार धारेने पत्र्याच्या पातळ पाकळ्या आडव्या होतात आणि वाट कायमची बंद होते. पुढच्या जाळीसमोर जादा दिवे किंवा गार्ड बसवला असेल तर तोही काढून बघा.

इथवर जमलं की गॅरेजला गेज, म्हणजे गॅसचा दाब मोजणारे दोन काटे, लावायला सांगा. सकाळी इंजिन थंड, बाहेर ३० अंश असेल तर आर-१३४ए गॅससाठी दोन्ही काटे ९५ ते १०० पीएसआयच्या आसपास दिसतील. हा आकडा गॅस किती आहे ते सांगत नाही, आत थोडासा द्रव असला तरी तेवढाच दिसतो. पण तो ११५-१२० निघाला तर आत हवा शिरली आहे किंवा दुसराच गॅस मिसळला आहे. चालू एसीवर ३३-३५ अंशांत लो साइड (कॉम्प्रेसरकडे येणाऱ्या गॅसचा दाब) ३० ते ४५ आणि हाय साइड (कॉम्प्रेसरमधून निघणाऱ्या गॅसचा दाब) २०० ते २५० असावी. दोन्ही कमी म्हणजे गॅस कमी. दोन्ही जास्त म्हणजे गॅस जास्त भरला आहे किंवा कंडेन्सर गुदमरतो आहे. लो अगदी तळाला गेली आणि हायही फारशी चढली नाही तर एक्स्पान्शन वाल्व्ह (कॉईलमध्ये गॅस बारीक भोकातून सोडणारा) किंवा ड्रायर (गॅसमधली ओल शोषणारी बाटली) तुंबला आहे. लो जास्त आणि हाय कमी असेल, बेल्ट घसरत नसेल, कॉम्प्रेसरचा क्लच घट्ट पकडत असेल, तरच कॉम्प्रेसरवर संशय घ्या.

मोटारहोममध्ये एक खास जागा बघायची असते, आणि लीकेज तिथेच निघण्याची शक्यता मोठी. अशा बहुतेक मिनीबसना मागच्या प्रवाशांसाठी छतात दुसरी कूलिंग कॉईल असते. बॉडी बांधताना ती काढतात आणि तिच्याकडे जाणारे पाइप चेपून, टोकाला झाळून सोडून देतात. अ‍ॅल्युमिनियमचा चेपलेला पाइप गाडीच्या हादऱ्यांनी तडकतो. नाही तडकला, तरी त्या आंधळ्या पाइपात कॉम्प्रेसरचं तेल जाऊन साठतं आणि कॉम्प्रेसर कोरडा पडतो. शिवाय बॉनेटखालच्या स्टिकरवरचं गॅसचं वजन दोन्ही कॉईल मिळून असतं. एक काढल्यावर तेवढाच भरला तर तो जास्त होतो. फाटा जिथे फुटतो तिथेच ब्लँक (घट्ट टोपण) लावून पाइप काढून टाका, आणि फक्त पुढचा एसी असलेल्या मॉडेलचं वजन कंपनीच्या मॅन्युअलमधून घ्या.

लीकेजची जागा बहुधा तेलकट धुळीने ओळखू येते. पाइपांचे जोड, कॉम्प्रेसरच्या क्लचमागचं सील आणि गॅस भरायच्या तोंडांतले छोटे वाल्व्ह बघा. गॅरेजला सांगा, १५० पीएसआय नायट्रोजन भरून साबणाच्या फेसाने तपासा. खाऱ्या हवेत कंडेन्सरचे जोडही कुरतडले जातात. दुरुस्तीनंतर जोडांतल्या नव्या रबरी कड्या (ओ-रिंग), नवा ड्रायर, किमान ४५ मिनिटं व्हॅक्यूम (पंपाने आतली हवा ओढून काढणं), मग पंप बंद करून २० मिनिटं काटा हलत नाही ना ते बघायचं. गॅस काट्यावर वजन करूनच भरायचा, अंदाजाने नाही, आणि किती ग्रॅम भरला ते बिलावर लिहून घ्यायचं. लीकेज बुजवणारं द्रव घालू देऊ नका, ते एक्स्पान्शन वाल्व्हच्या बारीक भोकात अडकतं. स्वस्त म्हणून ज्वलनशील हायड्रोकार्बन गॅस भरणारेही भेटतील. ज्या गाडीत माणसं झोपतात आणि शेगडी पेटते तिथे तो गॅस अजिबात नको.

हे सगळं करूनही अपेक्षा बेताची ठेवा. पुढची कॉईल चालकाच्या केबिनपुरती असते आणि तुमच्या गाडीत १५-१६ घनमीटर हवा आहे. सीटांच्या मागे छतापासून जमिनीपर्यंत जाड अस्तराचा पडदा लावा. बॉडी बांधताना वायरिंगसाठी पाडलेली भोकं आणि इंजिनाच्या झाकणाभोवतीचं रबर तपासा. तिथून इंजिनाची धग सरळ पायांशी येते.

प्रश्न (ठाणे) : कसारा घाट चढताना एसी आपोआप बंद पडतो, वर पोचलं की सुरू होतो.

उत्तर : पूर्ण ॲक्सिलरेटर दाबल्यावर काही सेकंद बंद पडणं ठरवूनच दिलेलं असतं. पण चढभर बंद राहत असेल तर इंजिन तापतं आहे आणि इंजिनाचं कंट्रोल युनिट कॉम्प्रेसर बंद करतंय. कूलंटची पातळी आणि रेडिएटर बघा. बेल्टवर फिरणारा व्हिस्कस पंखा (तापल्यावर आतल्या घट्ट द्रवाने पकड घेणारा) असेल तर गरम इंजिन बंद करून, किल्ली काढून, तो हाताने फिरवा. जड लागायला हवा. सुळकन दोन-तीन गिरक्या घेतल्या तर त्याची पकड, म्हणजे कपलिंग, संपलं.

प्रश्न (दादर) : पावसाळ्यात एसी लावला की डावीकडच्या पायाशी पाणी साचतं. छत गळतंय का?

उत्तर : बहुधा नाही. जुलैत कॉईलवरून तासाला लिटरभर पाणी सहज उतरतं, आणि ड्रेन पाइप चिखलाने बुजला की ते आत सांडतं. गाडीखालून पाइप शोधा आणि मऊ वायर घालून मोकळा करा. पाणी चिकट, गोडसर वासाचं असेल तर ते कूलंट आहे, हीटर कोअर (हीटरचा डॅशबोर्डमागचा छोटा रेडिएटर) गळतोय.

प्रश्न (वाशी) : डॅशबोर्डचा एसी सोडून घरगुती एक टनाचा एसी इन्व्हर्टरवर चालवला तर?

उत्तर : मुक्कामाला, बाहेरून वीज घेऊन चालवा. धावत्या गाडीत नको. तो सुमारे ११०० वॅट घेतो, म्हणजे १२ व्होल्टवर इन्व्हर्टरची गळती धरून १०० अँपिअरच्या आसपास. तेवढं अल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज बनवणारा) सतत देऊ लागला तर तापून जळतो, आणि सिग्नलला मंद इंजिनावर तेवढं देऊही शकत नाही. मग बॅटरी उतरते.